अचलपूर पहिल्यांदा पाहताना: आधी शहर, मग गाविलगड

डिसेंबर लागला की अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या चौकात बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. पुण्याच्या, नाशिकच्या, नांदेडच्या पाट्या. लोक उतरतात, चहा घेतात, आलुबोंडा खातात, टाकी भरतात आणि गाडी चिखलदऱ्याच्या घाटाला लागते. पलीकडे हाकेच्या अंतरावर वऱ्हाडची जुनी राजधानी अचलपूर उभी आहे, तिकडे कुणाची मान वळत नाही. दुसऱ्या दिवशी हीच मंडळी गाविलगडावर जातात, पडक्या भिंती पाहतात आणि "फार काही नाही हो वर" म्हणत खाली येतात.

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण दोष किल्ल्याचा नसतो. गाविलगड एकटा पाहून कळतच नाही. खालचं शहर आणि वरचा किल्ला एकाच घराचे दोन खण आहेत, खालच्या खणातून वर गेलं तरच घर कळतं. म्हणून पाहुण्यांना मी एकच क्रम सांगतो: आधी अचलपूर पायी, मग गाविलगड, मग मुक्तागिरी आणि बहिरम. दोन मुक्काम आणि तीन दिवस पुरतात. एकच दिवस असेल तर चिखलदरा सोडा, अचलपूर आणि गाविलगड करा.

यायचं कधी आणि कसं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात सातपुडा डोळ्यांचं पारणं फेडतो, पण किल्ल्यावर कमरेइतकं गवत आणि दगडांवर शेवाळ असतं. पहिल्या भेटीला तो धोका नको. एप्रिल-मे महिन्यांत इकडे यायचंच नाही. आमच्याकडचं ऊन पाहुण्याला झेपत नाही, दुपारी बाराला गल्ल्या ओस पडतात.

रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेरा किंवा अमरावतीला उतरावं. बडनेरा मुंबई-हावडा मार्गावर आहे, गाड्या भरपूर. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर. एसटी दिवसभर आहे, बसवर 'परतवाडा' अशीच पाटी शोधा. नवखा माणूस 'अचलपूर' शोधत बसतो आणि दोन बस हातच्या घालवतो. ही दोन्ही गावं एकमेकांना लागून, नगरपरिषदही एकच. अचलपूर म्हणजे जुनं परकोटाचं शहर. परतवाडा म्हणजे छावणीतून वाढलेली बाजारपेठ: बसस्थानक, लॉज, खानावळी, मेळघाटातल्या सागवानाची लाकूडबाजारपेठ, सगळं इकडे. मुक्काम परतवाड्यात करा.

पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरला 'शकुंतला' यायची. अडीच फुटांची नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत जावा म्हणून एका ब्रिटिश कंपनीने टाकलेली. आता ती बंद आहे. पण अचलपूरचं स्टेशन दिसलं तर दोन मिनिटं थांबा, इकडच्या दोन-तीन पिढ्यांनी त्या गाडीतून लग्नाची वऱ्हाडं नेली आहेत.

निघण्याआधी तीन गोष्टी परतवाड्यातच उरकून घ्या: रोख पैसे, गाडीचं इंधन आणि पाण्याच्या बाटल्या. घाटात मोबाइलची रेंज जाते, आणि रेंज गेली की फोनवरून पैसे देणंही थांबतं.

पहिली सकाळ: परकोटाच्या आत

सकाळी सातला बाहेर पडा. आधी पोहे. इकडे पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री घालून देतात. सवय नसेल तर "तर्री वेगळी द्या भाऊ" म्हणा, वाटीत मिळेल, मग अंदाज घेत घाला. हे सांगायला लाजू नका. पहिल्याच सकाळी तिखटाने तोंड पोळलं की दिवसभर पाणी पीत फिरावं लागतं.

ऑटोने अचलपूरच्या दूल्हा दरवाज्यापाशी उतरा आणि तिथून पुढे पायी. दरवाज्याला हे नाव शहा दूल्हा रहमान यांच्या दर्ग्यावरून पडलं. लोककथा अशी की हा तरुण लग्नाच्या पोशाखातच लढायला निघाला आणि इथे पडला, म्हणून दूल्हा. त्याच कथेत दुसऱ्या बाजूला इल नावाचा राजा आहे, ज्याच्यावरून या गावाला एलिचपूर नाव पडलं असं सांगतात. इंग्रजांच्या कागदांत आणि जुन्या नकाशांत तुम्हाला एलिचपूर हेच नाव सापडेल. कथेला कथेच्या जागी ठेवा, पण दर्ग्यात जरूर जा. डोकं झाका, चपला बाहेर काढा, फोटो काढायचा तर तिथे बसलेल्या बुजुर्गांना आधी विचारा. सगळ्या धर्मांची माणसं इथे नवस बोलतात, तुम्हालाही कुणी अडवणार नाही.

आता दरवाज्याकडे नीट पाहा. बाहेरून पाहून पुढे जाऊ नका, कमानीच्या आत जाऊन उभे राहा. भिंतीची जाडी तिथे कळते. माझ्या आजीचं माहेर इथल्याच एका वेशीजवळ होतं. ती सांगायची की उन्हाळ्यात दुपारी म्हाताऱ्या बायका कमानीखाली बसून कापसाची सरकी काढायच्या, कारण गावात तेवढीच जागा गार असे. आजही उन्हातून येऊन त्या दगडाला तळहात टेकवला की तो गारवा हाताला लागतो.

शहर कशासाठी इतकं बळकट बांधलं, याचं उत्तर जागेत आहे. उत्तरेकडे पाहा. हवा स्वच्छ असेल तर गल्लीच्या टोकाला सातपुड्याची निळी भिंत दिसते. उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्याला ती ओलांडल्यावर पहिलं मोठं ठाणं हेच. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो एलिचपूरवरूनच. पुढे बहामनी राज्य फुटलं आणि पाच शाह्या झाल्या, तेव्हा वऱ्हाडची इमादशाही इथे उभी राहिली. संस्थापक फतहुल्ला इमादउल्मुल्क, मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरातला, लहानपणी कैद होऊन बहामनींच्या चाकरीत आलेला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, उद्या किल्ल्यावर त्याचा उपयोग आहे. १४९० ते १५७४ एवढंच या घराण्याचं आयुष्य, मग अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड घेतला. शाळेत आपण आदिलशाही, निजामशाही पाठ करतो आणि इमादशाही एका ओळीत उरकतो. ती एक ओळ म्हणजे हे शहर.

दूल्हा दरवाज्यापासून पुढे कसं फिरायचं, याचा नकाशा मी मुद्दाम देत नाही. गल्ल्या वळणावळणाच्या आहेत, त्यांत दोन तास घालवा. जुने वाडे, पडके बुरूज, मशिदी, मंदिरं, परकोटाचे तुकडे घरांच्या मागे अचानक दिसतात. काही ठिकाणी परकोटाच्या भिंतीलाच टेकून घर उभं आहे, भिंतीत खुंटी ठोकून त्यावर सायकल टांगलेली. रस्ता विचारायचा तर पानठेल्यावर विचारा. "जुना दरवाजा कुठे हो, भाऊ?" एवढं म्हटलं की तुम्हाला एक नाही, तीन रस्ते कळतील आणि कुणीतरी सोबतही येईल. एकदा माझ्या पाहुण्यांना एका काकाजींनी तासभर फिरवलं आणि निघताना म्हणाले, "पैशे कायले देता बाप्पा? गाव पाहाले आले तुम्ही, हेच लय झालं." घरांच्या आत मात्र बोलावल्याशिवाय डोकावू नका. ही संग्रहालयं नव्हेत, माणसं राहतात तिथे.

महानुभाव पंथाची ओढ असेल तर इथलं अष्टमासिद्धी हे स्थान पाहा. आणि ज्यांना मराठी गद्याचा उगम कुठे झाला ती जागा पाहायची आहे, त्यांनी मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरसाठी वेगळी सकाळ काढावी. ते अर्ध्या तासात उरकायचं ठिकाण नाही.

दुपारचं जेवण

दहाच्या सुमाराला, म्हणजे भूक लागण्याआधीच, परतवाड्यातल्या एखाद्या खानावळीत फोन करून किंवा जाऊन सांगा की चार माणसं एक वाजता येतील, वऱ्हाडी जेवण पाहिजे. ही युक्ती फार महत्त्वाची. ऐनवेळी गेलात तर मेनूकार्डावरचं पनीर बटर मसाला मिळेल, जो तुमच्या गावीही मिळतो. सांगून गेलात तर ज्वारीची भाकर, झुणका, भरलं वांगं, वरण-भात, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि ताटाला कच्चा कांदा मिळेल.

पातोडीचा रस्सा मिळत असेल तर तोच मागा. बेसन तिखटमीठ घालून घट्ट शिजवतात, ताटावर थापतात, वड्या पाडतात आणि कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडतात. भाजी महाग किंवा बाजार लांब असला की घरात डाळीच्या पिठावर पाहुणा जेवू घालायची ही आमची रीत, आणि आज ती मटणाच्या तोडीने खाल्ली जाते. वड्या रश्श्यात फार वेळ राहिल्या की फुटतात, म्हणून ताट आलं की आधी पातोडीला हात घाला.

तिखटाबद्दल एक खुलासा. वऱ्हाडी जेवण म्हणजे नुसती आग, असा बाहेर समज आहे. घरोघरचं रोजचं जेवण तसं नसतं. वरणात गूळ नसतो, साखर नसते, जिऱ्या-लसणाची साधी फोडणी असते, आणि जवसाची चटणी तेल घालून भाकरीबरोबर खाल्ली तर लहान मुलंही खातात. आग असते ती रश्श्याच्या तवंगात. तवंग बाजूला सारला की खालचा रस्सा तुमच्यासाठीच आहे.

दोन ते चार खोलीवर पडा. इथे सगळेच पडतात.

संध्याकाळ: हौज कटोरा

अचलपूरच्या बाहेर, पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, शेतांच्या मधे हौज कटोरा आहे. गोल तलावाच्या मध्यभागी उभी असलेली अष्टकोनी, कमानींची मजलेदार इमारत. बहामनी काळातली मानतात. चारला निघा, म्हणजे तिरपं ऊन कमानींतून आरपार जाताना दिसेल.

इथे काही विकायला नाही, बसायला बाक नाहीत, सांगायला गाईड नाही. पाणी वर्षभर असेलच असंही नाही. तरीही माझ्या मते सगळ्या अचलपुरात हीच जागा मनात राहते. काठावर बसा आणि एवढाच विचार करा की पाण्याच्या मधोमध मजले चढवून बसायला कुणाला सुचलं असेल. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या मुलखात गारव्यासाठी किती खटाटोप माणसाने केला आहे! सकाळी दरवाज्याखाली हाताला लागलेला गारवा आणि हा तलाव, दोन्हींमागची गरज एकच. आणि त्याच गरजेचं तिसरं उत्तर म्हणजे डोंगरावरचा थंड हवेचा किल्ला, जिथे तुम्ही उद्या जाणार आहात.

शेतातून जाताना कापसाची पऱ्हाटी तुडवू नका, बांधावरून चला. अंधार पडायच्या आत परता. वाटेवर दिवे नाहीत, आणि संध्याकाळी बैलगाड्या व ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता येतात.

दुसरा दिवस: घाट आणि गाविलगड

सहाला निघा. परतवाड्याहून चिखलदरा साधारण ३० किलोमीटर, सगळा घाट. कुणाला गाडी लागत असेल तर हलकं काहीतरी खायला घाला आणि पुढच्या सीटवर बसवा. घाट चढताना हवा बदललेली कळते. चिखलदरा १,१०० मीटरहून थोडं अधिक उंचीवर आहे, विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण.

चिखलदऱ्यात पॉइंट पाहत बसू नका, सरळ किल्ल्याकडे जा. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, आणि मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. नाक्यावर नोंद होते, पावती घ्यावी लागते. आत जायची आणि बाहेर यायची वेळ तिथेच विचारून घ्या आणि पाळा. अस्वल आणि बिबट्या या जंगलात खरोखर आहेत. स्थानिक वाटाड्या घ्या. बहुतेक वेळा तो कोरकू समाजाचा तरुण असेल. कोरकू भाषा मराठीची बोली नाही, गोंडीचीही नातेवाईक नाही, ती थेट मुंडा कुळातली. दोन शब्द विचारा, तो आनंदाने शिकवेल. मजुरी आधी ठरवा, आणि ठरली त्यात घासाघीस करू नका.

पाणी माणशी दोन लिटर. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझीच एकदा चूक झाली. पुण्याहून आलेल्या मावसभावाला आणि त्याच्या आईला घेऊन साडेअकराला वर गेलो, पाच जणांत तीन बाटल्या. किल्ला मोठा आहे याचा अंदाज मावशीला दिला नव्हता. परतताना त्यांना चक्कर आली, सावली शोधून तासभर बसवावं लागलं, आणि ज्या दरवाज्यासाठी आलो तो न पाहताच उतरलो. त्या पुन्हा कधी येऊ शकल्या नाहीत. म्हणून सकाळी आठच्या आत किल्ल्यात पाऊल पडलं पाहिजे, आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर आधी दरवाजे, नंतर बाकीचं.

आता किल्ला कसा वाचायचा ते सांगतो. गाविलगडाचे दोन भाग आहेत, बाहेरचा आणि आतला, मधे खोल घळ. तीन बाजूंना कडे तुटलेले. फक्त उत्तरेकडून डोंगराचा पठारी पट्टा किल्ल्याला भिडतो. म्हणून उत्तरेची तटबंदी सर्वांत भक्कम. नाव गवळ्यांवरून आलं. या डोंगरावर आधी गवळ्यांची मातीची गढी होती असं सांगतात. दगडी किल्ला बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला, आणि पुढे फतहुल्ला इमादउल्मुल्काने तो दुरुस्त करून वाढवला.

दिल्ली दरवाज्यापाशी थांबा. इथे घाई करू नका, मंडळींना पाणी पाजा आणि मान वर करा. कमानीवर दगडात कोरलेला दोन डोक्यांचा पक्षी दिसेल, गंडभेरुंड. त्याच्या चोचीत आणि पंजांत हत्ती आहेत, अगदी पिल्लांसारखे लोंबकळणारे. शेजारी सिंह, त्यांच्या पायांखालीही हत्ती. हत्तीला उंदरासारखं धरणारा पक्षी! हे चिन्ह दक्षिणेकडचं, विजयनगरच्या मुलखात ते पदोपदी दिसतं. आता काल सांगितलेलं आठवा: फतहुल्ला मूळचा तिकडचाच. लहानपणी जे गाव सुटलं त्याची खूण त्याने आपल्या किल्ल्याच्या दारावर कोरून घेतली, असं अनेक जण मानतात. मलाही ते पटतं. दहा वाजेपर्यंत ऊन बाजूने येतं तेव्हा पक्ष्याची पिसं एकेक मोजता येतात. दुपारी डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट होतं.

मग बुरूज, तळी, मशीद, पडक्या इमारती, जुन्या तोफा पाहत फिरा. आणि घळीच्या काठावर उभे राहून १८०३ ची गोष्ट ऐका. त्या काळात वऱ्हाडात दुअमली होती. खाली अचलपूर हैदराबादच्या निजामाच्या सुभेदाराकडे, वर गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडे. शहर एकाचं, किल्ला दुसऱ्याचा. निजाम इंग्रजांचा मित्र, भोसले शत्रू. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात भोसल्यांचा पराभव झाला, फौज गाविलगडात शिरली, आणि इंग्रजांनी तळ टाकला तो अचलपुरात. जखमींचं इस्पितळही तिथेच ठेवलं. कर्नल स्टीव्हन्सन तिथून निघाला आणि जंगलातून रस्ता फोडत, तोफा हातांनी ओढत, डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या त्या एकमेव पट्ट्यावर पोचला. दक्षिणेकडून आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. पण आतला किल्ला घळीपलीकडे शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ ओलांडली, शिड्या लावून आतला तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला.

काल तुम्ही ज्या शहरातून चालत होतात, तिथूनच त्या तोफा निघाल्या. राजधानी आणि तिचा किल्ला वेगवेगळ्या हातांत गेले, आणि शहराच्या वाटेनेच किल्ला पडला. घळीच्या काठावर हे सांगितलं की माझे पाहुणे नेहमी दक्षिणेकडे वळून खाली अचलपूर कुठे दिसतंय ते शोधू लागतात.

उतरताना प्लास्टिक परत आणा. भिंतींवर नाव लिहू नका. लिहिणाऱ्याला टोका.

चिखलदऱ्यात काय खायचं

बारापर्यंत खाली आलात की चिखलदऱ्यात जेवा. इथल्या हॉटेलांकडून फार अपेक्षा नको. साधं वरण, भात, पोळी, भाजी पुरे. खरी चीज म्हणजे रबडी. डोंगरात गवळ्यांची वस्ती जुनी, दूध भरपूर, त्यामुळे रबडी आणि खवा दोन्ही चांगले मिळतात. दुकानात कढई समोर चढलेली दिसली तर तिथेच थांबा. चांगल्या रबडीत सायीचे पापुद्रे चमच्याला लागतात. एकसारखी पिठाळ लागली तर दुसरं दुकान बघा. कॉफीची झाडंही इथे आहेत, इंग्रजांच्या काळापासून. स्थानिक कॉफीची पुडी घरी न्यायला बरी.

नंतर वेळ उरला तर देवी पॉइंट आणि भीमकुंड पाहा. बाकीचे पॉइंट एकमेकांसारखेच. संध्याकाळी पाचच्या आत घाट उतरायला लागा. धुकं आलं की वळणं दिसत नाहीत.

तिसरा दिवस: मुक्तागिरी

मुक्तागिरी परतवाड्याहून खरपीमार्गे पंधरा किलोमीटरच्या आत. सरकारी हद्दीने ते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. पण आमच्याकडच्या जैन घरांचं ते आपलंच तीर्थ. डोंगराच्या कुशीत बावन्न दिगंबर मंदिरं, मधून धबधबा. पाण्याचा आवाज ऐकत पायऱ्या चढायच्या. पादत्राणं खालीच ठेवावी लागतात, म्हणून सकाळी लवकर जा. दहानंतर दगड तापतो. चामड्याचे पट्टे, पाकिटं बरोबर नेऊ नका. धर्मशाळेच्या भोजनशाळेत जेवायचं असेल तर आल्याआल्या सांगून ठेवा, आणि तिथे कांदा-लसूण, रात्रीचं जेवण यांची चौकशी करू नका.

बहिरम, यात्रेत आलात तर

डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते आणि जानेवारी अखेरपर्यंत चालते. तुमची भेट या दिवसांत असेल तर तिसरी दुपार इथेच घालवा. पायऱ्या चढून आधी बहिरमबुवाचं दर्शन घ्या. शेंदराने माखलेली मोठी मूर्ती आहे. मग खाली या आणि राहुट्यांकडे वळा.

बहिरम प्रसिद्ध आहे हंडीतल्या मटणासाठी. मातीची हंडी, खाली लाकडाचा जाळ, मटण, कांदा, लसूण, खडा मसाला, तिखट, तेल. झाकण लावून मंद आचेवर ठेवतात. घाई करून मिळणारा हा पदार्थ नाही. हंडी चढलेली आहे तिथे नंबर सांगा, दीड-दोन तास यात्रा फिरा आणि मग या. तयार करून ठेवलेलं, पातेल्यात गरम केलेलं मटण कुणी हंडीचं म्हणून देऊ लागला तर नको म्हणा. ओळखायची खूण सोपी: तुमच्यासमोर हंडीचं झाकण उघडलं पाहिजे, आणि हंडीच्या बाहेरच्या अंगाला ओघळलेल्या रश्श्याची काळी रेघ पाहिजे. भाव किलोने ठरतो, त्यात भाकरी धरल्या आहेत का ते आधीच विचारून घ्या.

शाकाहारी माणसाने इथे उपाशी राहायचं कारण नाही. त्याच्यासाठी रोडगे आहेत, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः हंडी सोडून रोडग्यांकडेच जातो. जाडसर गव्हाचं पीठ घट्ट मळतात, पोळी लाटून तेल लावून एकावर एक पदर ठेवतात आणि मुठीत वळून गोळा करतात. गोवऱ्यांचा जाळ बसून लाल हार, म्हणजे निखाऱ्यांचा ढीग, झाला की हे गोळे त्यात पुरतात. पाऊण तासाने बाहेर काढून फडक्यात घोळवून राख झटकतात. वरून काळपट, कडक. फोडला की आतून वाफ येते आणि पदर सुटतात.

खायची पद्धत अशी. रोडगा चमच्याने खायचा नाही, दोन्ही हातांनी ताटात चुरायचा. मधे आळं करायचं. आधी साजूक तूप, मग घट्ट तुरीचं वरण, बाजूला वांग्या-बटाट्याची पातळ तिखट भाजी. वरण घालायला वाढपी आला की "थोडं थोडं" म्हणू नका, चुरा वरण पितो आणि कोरडा राहिला की घशात अडकतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला दोन रोडगे पुरतात, तिसरा आग्रहाने वाढला जाईल. वाढणारी मावशी म्हणेल, "खाजा ना बाप्पा, एका रोडग्यानं काय होते?" वाढण्याआधीच नाही म्हणा, ताटात पडल्यावर टाकलेलं इकडे कुणाला आवडत नाही.

यात्रा नसेल तर खानावळीला आदल्या दिवशी सांगितल्यावर काही जण रोडगे करून देतात. पाच-सहा माणसं असली तर हार पेटवणं त्यांना परवडतं, दोघांसाठी कुणी करणार नाही.

निघताना

परतीच्या वाटेवर संत्र्यांचे ढीग दिसतील. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड हा सगळा संत्र्याचा पट्टा. ऑक्टोबर ते डिसेंबर अंबिया बहाराचं फळ, फेब्रुवारीनंतर मृगाचं. मृगाचं अधिक गोड, असं आमच्या घरात तरी सगळ्यांचं मत. घेताना रंगावर जाऊ नका, हिरवट सालीचं फळही पिकलेलं असू शकतं. हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबा. साल किंचित पोकळ लागली तर फळ तयार आहे, फार पोकळ लागली तर जुनं झालं. शेतकरी स्वतः बांधावर विकत असेल तर त्याच्याकडून घ्या आणि एक सोलून खाऊन मग क्रेट उचला, तो स्वतःच सोलून हातावर ठेवेल. क्रेट गाडीच्या डिकीत बंद ठेवू नका, आडवी पसरून वारा लागेल अशी ठेवा. मुंबईपर्यंत फळ टिकतं.